भरलेल्या घागरी

"हे हेल्मेट आहे का पातेलं?" मी ओरडले, कारण ते सरळ माझ्या नाकावर येऊन बसलं होतं आणि मला फक्त माझ्याच चपला दिसत होत्या.

"पातेलंच व्हय," गिरजामावशी म्हणाली. "उलटं ठेवलं का त्याच्यात वरन शिजते. तुह्या बापानं आमच्या समद्यायच्या डोक्यावर एकेक पातेलं देल्लं. आता कोनाचं डोकं शिजते ते पाहू."

पत्र्याच्या साइट ऑफिसात सगळे हसले. बाबासुद्धा. बाबा हसले की आधी त्यांचा चष्मा हलतो, मग ते हसतात. मी हेल्मेट मागे सरकवलं आणि पुन्हा जमिनीवरच्या मोठ्या कार्डशीटवर ओणवी झाले.

मी तेव्हा नुकतीच सहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, आणि मला ठाम वाटत होतं की अकोल्याबाहेरचं ते अख्खं इंजिनिअरिंग कॉलेज माझे बाबा चालवतात. खरं म्हणजे ते तिथल्या बांधकाम विभागात सुपरवायझर होते. कॅम्पसमध्ये मुलींचं नवं हॉस्टेल उठत होतं. काम ठेकेदाराचं, माणसं ठेकेदाराची, पण त्या माणसांना आमच्या आवारात काही होऊ नये याची सगळी आखणी बाबांची. कुठून ट्रक येणार, कुठून मुलं-मुली जाणार, जाळी कुठे लावायची, सावली कुठे, पाणी कुठे, कोणाला चक्कर आली तर गाडी कुठल्या गेटने निघणार. हे सगळं बाबा कागदावर पेन्सिलीने काढायचे आणि मी स्केचपेनने रंगवायचे. लाल म्हणजे पत्र्याचं कुंपण, हिरवी म्हणजे सावलीची जाळी, निळं म्हणजे पाणी.

"ह्या कागदावर मी कुठी हाव?" गिरजामावशी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. तिच्या पदराला सिमेंटचा आणि तंबाखूचा वास यायचा. मला तो आवडायचा, पण आईला सांगायची सोय नव्हती.

"नकाशात माणसं नसतात, मावशी."

"मंग हे समदं कोनासाठी चालू हाये? माकडायसाठी?"

मी हिरव्या जाळीखाली एक बाई काढली. नऊवारी काढता येईना म्हणून साडीचा नुसता त्रिकोण केला आणि त्यावर भलंमोठं पिवळं हेल्मेट.

"नाक कुठी हाये माहं?"

"हेल्मेटखाली गेलं."

"बराबर हाये," ती खूश झाली. "शेषरावभाऊ, पाहा बाप्पा, मी नकाशात आली. आता मले कामावरून काढता येत नाई."

शेषराव तिचे मुकादम. पांढऱ्या मिशांचे, गळ्यात टॉवेल टाकलेले. ते दारातच उभे होते, कारण बाहेर टेम्पोतून मडकी उतरत होती. बाबांनी कुंभाराकडून नवीकोरी लाल मडकी मागवली होती. प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी आमच्याकडच्या उन्हात चहाइतकं तापतं. मडक्यातलं मात्र थंड राहतं. आणि लाल कुंपणामुळे कॉलेजच्या कूलरकडे जायची वाट बंद झाली होती. मुलींच्या जायच्या-यायच्या रस्त्यावर घमेली आणि गज नकोत म्हणून बाबांनीच ती बंद केली होती. म्हणून मडकी हवीतच. सगळं कसं एकमेकांत बसवलेलं होतं! मी निळ्या पेनने एकेक मडकं काढलं आणि प्रत्येकाला झाकणही दिलं.

"उद्या पहाटे सुरू करायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत स्लॅब संपवायचा," बाबा म्हणाले. "शेषराव, उशीर झाला तर मी काम होऊ देणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

"आखाजीच्या दिवशी कोनाले उशीर करायची हौस हाये साहेब? घरोघरी पोरी आल्या माहेरी."

"माही बी येऊन राह्यली," गिरजामावशी म्हणाली, आणि एकदम तिचा आवाज बारीक झाला, लाजल्यासारखा. "रोशनी. लग्न झाल्यावरची पयली आखाजी व्हय तिची. संध्याकाळच्या गाडीनं येते म्हने जावई घेऊन. स्लॅब झाला का मी निंगली. मले कोनी थांबवू नोका."

"थांबवतंय कोण तुम्हाला?" बाबा म्हणाले.

"साहेब, तुमी नाई. हे घमेलं थांबवते."

---

अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आणि घरात नवी घागर भरतात ती गेलेल्या माणसांच्या नावाने. पाण्याने काठोकाठ घागर, गळ्याभोवती सूत, हळदीकुंकू, वर आंब्याची पानं आणि बाजूला डांगर, म्हणजे खरबूज. ते पाणी पितरांचं. उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागते असं आई सांगते. आबा, म्हणजे बाबांचे वडील, त्याआधीच्या थंडीत गेले होते. त्यामुळे आमच्या घरची ती त्यांच्या नावाची पहिली घागर होती, आणि साइटवरच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. आबांच्या तेराव्याला सगळे जेवायला आले होते.

पहाटे मी बाबांबरोबर निघाले. आई डबा घेऊन मागून येणार होती. बाबा पोचल्या पोचल्या वर चढले. स्लॅबच्या कडेला बांधलेल्या रेलिंगच्या प्रत्येक बांबूला ते लोंबकळून बघत होते. मजूर अजून वस्तीवरच होते. वॉचमन वानखडेकाकांनी हिरव्या जाळीखाली मडक्यांची ओळ लावून सगळी भरून ठेवली होती.

आई आली आणि ती ओळ बघून थबकलीच.

"अगं बाई! एवढ्या नव्या घागरी, आणि आजच्या दिवशी अशाच ठेवल्या? बोडक्या?"

"आई, ही प्यायच्या पाण्याची आहेत."

"म्हणून काय झालं? पाणीच ना ते?" आईच्या पिशवीत वाटेत बाजारातून घेतलेलं घरच्या पूजेचं सगळं होतंच. ती खाली बसली. एकेका घागरीला हळदीची आणि कुंकवाची बोटं ओढली. सुताची गुंडी मी धरली आणि तिने प्रत्येकीच्या गळ्यात वेढे घातले. साइटच्या कडेला आंब्याचं झाड होतं, त्याची पानं तोडून झाकणांवर ठेवली. घरचं डांगर मधोमध ठेवलं. मग डोळे मिटून हात जोडले. "आज वर उन्हात एवढी माणसं राबणार. कोणाला काही होऊ देऊ नका," असं ती म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली ते मी विचारलं नाही. बहुतेक आबांना.

फार सुंदर दिसत होतं ते, खरंच! पत्रे, गज, सिमेंटच्या गोण्या, आणि त्या सगळ्यात ती लालपिवळी ओळ.

"अहो!" आईने वर हाक मारली. "मडक्यांची पूजा केली हो!"

बाबांनी रेलिंगवरून वाकून पाहिलं. "छान केलंस," ते म्हणाले, आणि पुढचा बांबू तपासायला गेले.

आई पुरणाचा स्वयंपाक करायला घरी गेली. मग मजूर आले. ते जाळीपाशी येऊन आपापल्या पिशव्या खुंटीला अडकवत होते. घागरींची ओळ दिसली की जो तो क्षणभर थांबे. शेषरावांनी चपला काढल्या, खाली वाकले आणि हात कपाळाला लावला. गिरजामावशीनेही घागरीला बोटं टेकवून कपाळाला लावली. मला वाटलं, कामाचा दिवस मोठा आहे म्हणून नमस्कार करतायत. ड्रायव्हर गाडी सुरू करताना स्टिअरिंगला करतात तसा.

---

उशीर झालाच. संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते नारळ फुटणार होता आणि अध्यक्षांना आखाजीची आणखी तीन उद्घाटनं होती. आम्ही वाट बघत बसलो. ऊन वर चढत गेलं. अध्यक्ष आले, नारळ फोडला, फोटो झाला, पेढा खाल्ला, गेले. तोवर पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

बाबा ठेकेदाराला म्हणाले, "आज नको. उद्या पहाटे करू."

"साहेब, नारळ फुटला. काँक्रीट कालवलं. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त हाये. आता थांबलं तर अध्यक्षसाहेबाले तुमी सांगसान का?"

बाबा शेषरावांकडे वळले. "तुम्ही सांगा. माणसं करतील का?"

शेषरावांनी मिक्सरकडे पाहिलं. मागून गिरजामावशी म्हणाली, "करा सुरू साहेब. उद्या कोन येते? माही पोरगी आज येऊन राह्यली, उद्या मी तिच्या डोक्याले तेल लावत बसनार हाव."

बाबांनी जाळीखाली पाहिलं. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांची नजर तशी फिरली जशी ते कार्डशीटवर फिरवायचे, एकेका रंगावरून. सावली, पाणी, गेटवर तोंड करून उभी असलेली गाडी.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पाणी आहे, सावली आहे. पण पाळीपाळीने खाली यायचं. बसायचं, पाणी प्यायचं, मगच वर."

आणि सुरू झालं. ज्यांनी स्लॅब बघितला नसेल त्यांना काय सांगू! मिक्सर घरघरतोय, जिन्यावरून वरपर्यंत बायका-पुरुषांची साखळी, या हातातून त्या हातात घमेलं, भरलेलं वर आणि रिकामं खाली. मधला एक जण सुटला तर साखळी तुटते आणि वरचे ओरडतात. आणि एकदा ओतायला घेतलं की थांबता येत नाही, नाहीतर जिथे थांबलं तिथे सांधा राहतो.

मी सावलीत बसून कैरीचं पन्हं पीत होते आणि स्वतःला इन्स्पेक्टर समजत होते. मजूर पाळीपाळीने खाली येत. येत, बसत, टॉवेलने वारा घेत, आपल्या पिशवीतली बाटली काढून तोंड वर करून पीत, आणि जात. बाबांनी सांगितलं होतं तसंच, शिस्तीत. मला फार अभिमान वाटत होता.

गिरजामावशी एकदाच खाली आली. तिची बाटली तिने उलटी केली तर एक थेंब पडला.

"संपलं का मावशी? हे घे, पन्हं."

"दे घोटभर." तिने बाटली वर धरून तोंडात धार सोडली, तोंडाला न लावता. "आंबट करून ठेवलं तुह्या मायनं. गूळ महाग झाला का?"

"बस ना जरा."

"बसली तर उठनार कोन? साखळीत माही जागा मोकळी हाये. तू माहं चित्र काढलं, त्याच्याइतकी आरामात थोडी हाव मी."

जाताना तिने पुन्हा घागरीला बोटं टेकवली. मला आठवतं, बोटं किंचित जास्त वेळ राहिली. घागरीच्या बाहेरून पाणी पाझरत होतं, ओलसर थंड. मग ती हात कपाळाला लावून जिना चढून गेली.

थोड्या वेळाने बाबा उतरले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी एका घागरीवरची पानं बाजूला करून झाकण उचललं. दुसरीचं उचललं. तिसरीचं.

"बघितलंस सलू?" ते म्हणाले, आणि त्यांचा चष्मा हलला. "काठोकाठ. वानखडे भरतोय बघ बरोबर. याला म्हणतात आखणी."

मी त्यांना टाळी दिली. ते पुन्हा वर गेले.

---

गिरजामावशी पडली तेव्हा स्लॅबचा एक कोपरा तेवढा राहिला होता.

वरून आरडाओरडा झाला आणि मिक्सर बंद पडला. ती शांतताच इतकी मोठी होती की मी उभी राहिले. शेषराव आणि बाबा तिला जिन्यावरून उचलून आणत होते. तिच्या अंगाला घामच नव्हता. कोरडी, तापलेली, तव्यासारखी. डोळे उघडे होते पण ती आमच्याकडे बघत नव्हती.

"रोशने, झोका सोड," ती म्हणत होती. "उतर खाली. गाडी सुटली ना वं."

मिक्सरपाशी भरून ठेवलेली बादली बाबांनी तिच्यावर ओतली, पदर ओला केला, डोकं मांडीवर घेतलं. गाडी लगेच निघाली. गेट उघडं होतं, रस्ता मोकळा होता, एक ट्रकसुद्धा आडवा आला नाही. बाबांनी जसं ठरवलं होतं तसंच सगळं झालं.

संध्याकाळी गाडी परत आली ती रिकामी. बाबा तिच्यातून एकटेच उतरले. गिरजामावशी वाचली नव्हती. मला घरी न्यायचं सगळे विसरलेच होते. मी साइट ऑफिसात, कार्डशीटपाशी बसले होते. उन्हं कलली होती. मजूर निघून गेले होते. फक्त शेषराव जाळीखाली उकिडवे बसलेले.

बाबा घागरींपाशी गेले. पुन्हा एकेक झाकण उचललं. या वेळी हात आत घातला आणि पाण्यात तसाच ठेवला.

"शेषराव," ते म्हणाले. "ही भरलेली आहेत."

"हाव साहेब."

"सगळी?"

"हाव."

"वानखडेने किती वेळा भरली?"

"एकडाव. सकाळी."

मी पत्र्याच्या खिडकीतून बघत होते. बाबांना काही कळत नव्हतं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

"मग तुम्ही सगळे प्यायलात काय?"

"आपापल्या बाटल्या होत्या. त्या सरल्यावर पोट्ट्यायनं मिक्सरच्या टाकीतलं उन्हानं तातं झालेलं पानी पेलं. गिरजा साखळीतून हटलीच नाई. म्हने आता घरी जाऊनच पेईन." शेषरावांनी टॉवेल तोंडाला लावला. "साहेब, हळदीकुंकू, सूत, डांगर. आज आखाजी. आमाले वाटलं, तुमच्या वडलायच्या नावाच्या घागरी व्हय. पयलंच साल हाये त्यायचं. साहेबाच्या घरच्या पितराच्या पान्याले कोन तोंड लावन? आन् तुमाले कसं म्हनाव, का साहेब, ह्या उचला म्हनून?"

बाबा खाली बसले. मग उठले, पहिली घागर दोन्ही हातांनी उचलली आणि आंब्याच्या बुंध्याशी रिकामी केली. मग दुसरी. माती इतकी तहानलेली होती की पाणी साचेचना. सगळ्या रिकाम्या झाल्यावर त्यांनी सूत तोडलं, पानं फेकली, आणि ओल्या हातांनी कुंकू घासू लागले. नव्या मडक्यात कुंकू मुरतं, लवकर जात नाही. ते वाळू घेऊन घासत होते.

"साहेब, काय करून राह्यले?"

"शेषराव, तुमच्यापुढे हात जोडतो." आणि खरंच जोडले, लाल झालेले, वाळू लागलेले. "पाणी संपलं होतं. मी भरायला सांगायला विसरलो. कोणी विचारलं तर एवढंच सांगा. सगळ्यांना सांगा, एवढंच सांगायचं."

"तुमची नोकरी जाईन साहेब."

"सलूच्या आईला हे कळलं तर ती जगायची नाही."

शेषरावांनी एक घागर जवळ ओढली आणि तेही वाळूने घासू लागले.

तेव्हा बाबांनी वर पाहिलं आणि त्यांना खिडकीत मी दिसले. ते मला काही म्हणाले नाहीत. 'सांगू नकोस' असंसुद्धा नाही.

---

मावशीचे दिवस झाल्यावर रोशनी आमच्या क्वार्टरवर आली. बरोबर तिचा नवरा आणि शेषराव. ती माझ्या मावसबहिणीएवढीच होती, हातात अजून लग्नातला हिरवा चुडा. आईने सगळ्यांना पाणी दिलं. रोशनीने पेला हातात धरला आणि तसाच धरून बसली.

"साहेब, एक विचारू का?"

"विचार."

"लोक म्हनतेत, माह्या मायले पानी नाई भेटलं. खरं हाये का?"

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. मी तिच्या शेजारी. बाबांनी चष्मा काढला.

"खरं आहे. मडकी रिकामी झाली होती आणि ती भरून घेणं माझं काम होतं. ते माझ्याकडून राहिलं."

"अहो, असं कसं?" आई म्हणाली. "मी स्वतः पूजा केली. काठोकाठ होती."

"सकाळी होती. दुपारी नव्हती."

रोशनी त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. तिने पेला खाली ठेवला. एक थेंबही कमी झाला नव्हता.

"मायनं माह्यासाठी झोका बांधला होता," ती म्हणाली. "दोराले तेल लावून ठेवलं होतं, करकर नोको म्हनून."

ते गेले. शेषराव जाताना बाबांच्या खांद्याला नुसता हात लावून गेले.

आईने तो भरलेला पेला उचलला आणि मोरीत ओतला. मग ती बाबांकडे वळली. आईचा तो चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"एवढ्या रंगीत नकाशांवर नकाशे काढता," ती म्हणाली, "आणि कोणाला पेलाभर पाणी देणं जमलं नाही तुम्हाला?"

"नाही जमलं," बाबा म्हणाले.

चौकशी झाली. बाबांनी तिथेही तेच सांगितलं, आणि वानखडेकाकांचं नाव कुठे येऊ दिलं नाही. त्यांना साइटवरून काढून वर्षभर स्टोअरमध्ये खिळे-तारा मोजायला बसवलं. आई कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. डबा भरून द्यायची, पण हातात द्यायची नाही, ओट्यावर ठेवायची. अजूनही कधी खटका उडाला की ती गिरजाबाईंचं नाव काढते, आणि बाबा लगेच गप्प होतात. आईला वाटतं, चूक कबूल आहे म्हणून.

---

आता मी दहावीत जाणार. गेल्या वर्षभरात माझ्यात काय शिरलंय कळत नाही. वक्तृत्वात पहिली आले, वादविवादात समोरच्या शाळेतल्या मुलाला असं गप्प केलं की त्याचे सर मला शाबासकी द्यायला आले. माईक हातात आला की मला थांबवावं लागतं. आमच्या बाई म्हणतात, सलोनी तायडेला कुठलाही विषय द्या.

बाबा पुन्हा साइटवर आहेत. प्रयोगशाळेची नवी इमारत चाललीय. कार्डशीट अजून मीच रंगवते, आणि आता माझ्या नकाशात माणसं असतात. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी बाबा सगळ्या मजुरांना जाळीखाली बोलावतात आणि त्यांच्यासमोर प्रत्येक मडक्यातून एकेक पेला पितात. एकही सोडत नाहीत. पोट फुगतं त्यांचं. नवे मजूर हसतात. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "शी! चारचौघांत सगळं पाणी उष्टं करून ठेवायचं? ही कुठली पद्धत?"

परवा आखाजी झाली. आई दरवर्षी दोन घागरी भरते, एक आबांची आणि एक गिरजाबाईंची. मी तांब्याने पाणी ओतत होते. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आईने दुसऱ्या घागरीला हळदीकुंकू लावलं, गळ्यात सूत गुंडाळलं, आणि घागर काठोकाठ होऊन पाणी ओघळेपर्यंत मला ओतायला लावलं.

"आणखी घाल," ती म्हणत होती. "तहानलेली गेली गं ती. आणखी घाल."

मग तिने हात जोडले, आणि डोळे मिटलेलेच ठेवून मला विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"सलू, तू तर तिथेच बसली होतीस ना दिवसभर? कधी संपलं गं पाणी?"

बाबा चौकटीवरून सरळ झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते घागरीकडे बघत होते.

"दुपारी," मी म्हणाले.